व परिवार

ताटांची चळत गौतमीच्या हौदापाशी आली तेव्हा प्रत्येक ताटाच्या काठावर राखाडी शाईचा पट्टा वाळून बसला होता. तिने पहिलं ताट उचललं आणि नळाखाली धरलं.

उरवड्याच्या त्या शेडमध्ये काम असंच चालायचं. स्टील असो, काच असो की चिनी मातीचा कप, आधी त्यावर शाई फवारायची आणि ती वाळली की वस्तू मशीनखाली ठेवायची. लेझर जिथे फिरेल तिथली शाई भाजून कायमची चिकटते. बाकीची नुसत्या पाण्याने निघून जाते. ते धुण्याचं काम गौतमीकडे होतं. हिंजवडीच्या कंपन्यांचे कप ढिगाने तिच्या हातून धुऊन निघायचे, आणि त्यांवर काय लिहिलंय हे बघायची तसदी तिने कधी घेतली नव्हती.

आज मात्र तिचा हात थांबला. स्पंज फिरवला तशी शाई ओघळून गेली आणि काळीभोर अक्षरं वर आली. ‘कै. गेणबा यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ. जयसिंग व परिवार, नांदे.’

गेणबा म्हणजे तिचे आबा. जयसिंग तिच्या पाठचा भाऊ.

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. एरवी वर्षश्राद्धाची भांडी बाजारातून आणतात आणि दुकानदारच त्यांवर ठोकून ठोकून वाकडंतिकडं नाव घालून देतो. जयसिंगने बापासाठी हात आखडता घेतला नव्हता. आपलं नाव त्यात नाही हे तिला दिसलं, पण तिने मनाची समजूत काढली. परिवार म्हणजे सगळेच आले की. आबांचं शेवटचं दुखणं तर तिच्याच घरी निघालं होतं. नांद्याला भाड्याच्या खोल्यांचं बांधकाम चाललंय म्हणून जयसिंगने त्यांना चार दिवसांसाठी आणून सोडलं, आणि ते चार दिवस आबांच्या मरणापर्यंत लांबले.

दुपारी जयसिंग स्वतःच नव्याकोऱ्या गाडीतून ताटं न्यायला आला. हौदापाशी बहिणीला बघून तो चांगलाच चपापला. ती इथे कामाला आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण विचारायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. शेडचा मालक शैलेश फोनवर गुंतलाय हे बघून त्याने तिला खुणेने फाटकापाशी बोलावलं.

गौतमी ओले हात पदराला पुसत गेली. ताटं छान झालीत, म्हणाली. मी आदल्या दिवशीच येते, म्हणजे स्वयंपाकाला हातभार लागेल, असंही म्हणाली. जयसिंग गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला.

‘‘अक्का, तू येऊ नगंस,’’ तो म्हणाला. ‘‘बिल्डरची मान्सं जेवाय हायेत. त्यांचा वकील बी हाय.’’

‘‘मग? मी काय त्यांच्या पंगतीला बसनार हाय व्हय?’’

‘‘तसं न्हाई गं.’’ त्याने शेडकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘जमिनीच्या कागदावर आबांच्या मागं माझं एकल्याचंच नाव लावलंय. तू दिसलीस तर इचारतील, ही कोन.’’

तिला ते उमगायला वेळ लागला. फाटकाबाहेरून खडीचा डंपर धूळ उडवत गेला.

‘‘सही मागितली असतीस तर मी न्हाई म्हनले असते का रं?’’

‘‘दिली असतीस, म्हाईत हाय मला. पर बहिनी सही देत्यात आन् मागनं दाजी कोर्टात जात्यात. नंतर कटकट नगं.’’

एवढं बोलून तो शेडमध्ये गेला आणि धुतलेल्या चळतीवरचं एक ताट घेऊन आला. ते त्याने तिच्यापुढे धरलं. तुझं ताट इथेच घे, म्हणाला, तू थोरली, पहिला मान तुझा. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. ते ताट त्याच्या तोंडावर भिरकावून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण त्यावर आबांचं नाव होतं. तिने ते घेतलं, नेऊन परत चळतीवर ठेवलं.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘पावन्यांना कमी पडंल.’’

थोडी ताटं धुवायची राहिली होती. जयसिंग गाडीत बसून वाट बघत होता, म्हणून शैलेशने तिला भरभर हात चालवायला सांगितलं. तिने चालवला. एकेका ताटावरची शाई धुऊन निघत होती आणि बापाचं नाव उघडं पडत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी येईना, नुसती आग होत होती.

ताटं पुसायला सारजाबाई होती. शेडमध्ये येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. तिने एका ताटावरचं गावाचं नाव बोट फिरवत वाचलं, मग मान वर करून गाडीकडे बघितलं.

‘‘नांद्याचा हाय व्हय त्यो? तुझं बी म्हायेर नांद्याचंच ना गं? तुझ्या मान्सांतला हाय का कोन?’’

गौतमीने शेवटचं ताट नळाखाली उपडं केलं.

‘‘न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘गिऱ्हाईक हाय.’’