होमात घातलेली खाट

शिमग्याला घरातलं जुनं लाकूड होळीच्या होमात घालतात. हौसाने सासऱ्याची खाट घातली.

त्या काथ्याच्या खाटेवर पडून म्हाताऱ्याने तिला लग्न होऊन आल्यापासून शिव्या घातल्या होत्या. तो मेला त्याला वर्ष झालं, तरी त्याच्या खोलीला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. हौसाने लावला. वाकळा, पानाचा डबा, सगळं तिने बाहेर फेकलं, आणि खाटेची राख होईपर्यंत ती होमापुढून हलली नाही.

"मेल्या माणसाची खाट जाळलीस? भोगशील गो," शेजारची ठमाबाई म्हणाली.

"जिता होता तेव्हा भोगलं, ते काय कमी होतं? आता तिथे माझी शिलाईची मशीन बसणार."

सकाळी तिने खोली सारवली. चार भिंती आणि उघडी खिडकी, एवढंच उरलं. "बघा, कशी मोकळी झाली!" ती आतून ओरडली.

आवाज घुमला नाही. रिकामी खोली घुमते, पण ही सामानाने भरल्यासारखी आवाज गिळत होती. हौसाने टाळी वाजवली. तीही बद्द वाजली.

उंबऱ्यावरची ठमाबाई मागे सरली. "भायेर ये गो, हौसा."

"का येऊ? घर माझं आहे." खाट असायची तिथेच ती पाठ वळवून धपकन बसली.

जमिनीपर्यंत ती गेलीच नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवरच तिचं बूड टेकलं, आणि अंगाखाली काथ्या करकरला.

जन्मात पहिल्यांदा हौसाने सासऱ्याला अरेतुरे केलं. "सरक तिकडे," ती म्हणाली.

काथ्या पुन्हा करकरला.