दुन्याची पिशवी

"आजी, आजोबांच्या थडग्यापाशी खणून एक दगड दे ना गं. मला भीती वाटते."

टॅबलेटवरून नजर न उचलता दुन्या म्हणाली. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांची सालं काढता काढता स्तोयांकाचा हात थांबला.

"दगड? कशाला गं?"

"खेळासाठी. हे बघ, फोन बनवायचा तर तांबं हवं, वाळू हवी, कथील हवं. एकेक थर खणत शोधायचं. आणि घरच्या जमिनीतला खरा दगड आणला की शंभर गुण! ऑग्नेन मास्तरांनी सगळ्यांना सांगितलंय."

स्तोयांकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शहरातून आलेला मास्तर, फुकटचे टॅबलेट, आणि घराघरातले दगड! ओढ्यापलीकडच्या टेकड्या खाण-कंपनीनं आधीच पोखरल्या होत्या. अलीकडे पाय ठेवायला गावानं मज्जाव केला, म्हणून आता पोरांना हाताशी धरलं की काय? पलीकडच्या राय्कोनं जमीन विकली आणि बापाची हाडं पोत्यात भरून दुसरीकडे न्यायची वेळ त्याच्यावर आली. इथं लोक आपल्या माणसांना आपल्याच बागेत पुरतात. स्तोयांकाचा वेलिमीरही आलुबुखाराच्या झाडांखालीच निजला होता. त्याला कोणी हात लावलेला तिला खपणार नव्हतं.

ती तडक शाळेत गेली.

"काय मास्तर, या खेळाचे पैसे कोण भरतं?"

ऑग्नेननं दार लोटून घेतलं. "आजी, शुक्रवारी सभागृहात सगळं कळेल. तोवर कुठं बोलू नका."

"चांगलं काम असं दार लावून करतात होय?"

मास्तर नुसता हसला. "दगड पिशवीत घालून तोंड शिवून पाठवा. मीसुद्धा उघडणार नाही. फक्त दगड तुमच्याच मातीतला हवा हं. एक जरी खोटा निघाला तरी सगळं मुसळ केरात."

"असं होय," स्तोयांका म्हणाली. मनात म्हणाली, लेका, तू शेर तर मी सव्वाशेर!

थडग्यापाशी फावडं मारलं की पांढरा दगड लागतो, हे तिला ठाऊक होतं. आणि कंपनी पांढऱ्या दगडासाठी वेडी झालीय, त्याच्या बॅटऱ्या होतात, असं गुत्त्यात जो तो सांगत होता. ती बागेकडे गेलीच नाही. दाराला अडसर म्हणून ठेवलेला काळपट दगड तिनं उचलला.

तो वेलिमीरचा. डोंगरापलीकडच्या जुन्या खाणीत त्यानं उभा जन्म काढला, आणि निवृत्त होताना मालकांनी काय दिलं? लोकांना घड्याळ देतात, याला फळीवर बसवलेला दगड! फळी तिनं चुलीत घातली आणि दगड दाराला लावला. त्याला काही किंमत असती तर खाणवाल्यांनी असा फुकट वाटला असता का?

तिनं हातोड्यानं एक ढलपी काढली, कापडी पिशवीत टाकली आणि लाल दोऱ्यानं तोंड शिवून टाकलं. घ्या म्हणावं, करा बॅटरी!

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. दारातच मास्तर उभा होता. गावच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक घरच्या मोठ्या माणसानं पिशवीवर हात ठेवून आपल्या मेलेल्याची शपथ घ्यायची होती. त्या शपथेवर इथं कोणी खोटं बोलत नाही.

"वेलिमीरची शपथ, दगड माझ्याच मातीतला," स्तोयांका म्हणाली. तुझ्यासाठीच करतेय रे, माफ कर.

पुढच्या रांगेत खाणीच्या परवान्याचा निकाल द्यायला आलेले जिल्ह्याचे अधिकारी होते, आणि भारी कोट घातलेला कंपनीचा माणूस. मास्तर उभा राहिला.

"कंपनी म्हणते, ओढ्याच्या अलीकडेही माल आहे. आमची मुलं खेळातून दगड ओळखायला शिकलीत. ती आज घराघरातली पिशवी तुमच्यासमोर उघडतील. खेळ माझ्या बहिणीनं बनवलाय, पैसे आम्ही दोघांनी घातलेत. आधी बोललो असतो तर कंपनीनं आम्हाला इथवर येऊच दिलं नसतं. बघा तुम्हीच. इथं साध्या चुनखडीशिवाय काही नाही!"

स्तोयांकानं लाल दोऱ्यानं शिवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

मुलं एकेक दगड काढून त्यावर व्हिनेगर ओतू लागली. पांढरा दगड फसफसला, म्हणजे चुनखडीच ठरला, की लोक टाळ्या पिटत. अधिकारी माना डोलावत होते. कंपनीचा माणूस तर कागद आवरून बॅगेत भरायला लागला होता.

स्तोयांका गर्दीतून वाट काढत पुढं आली. "दुन्या, घरी चल. माझ्या छातीत कसंतरीच होतंय."

"थांब ना गं आजी, माझाच नंबर आहे!"

लाल दोरा तुटला. व्हिनेगर ओतलं. दगड फसफसला नाही.

दुन्यानं आणखी ओतलं. टाळ्या थांबल्या. कंपनीचा माणूस जागचा उठला. त्यानं तो दगड उचलला, तळहातावर तोलला, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला. मग बॅग खाली ठेवून तो दुन्यासमोर उकिडवा बसला.

"बाळ, तांब्यानं इतका भरलेला दगड मी जन्मात कधी पाहिला नाही. कुठं मिळाला तुला?"

दुन्यानं आधी मास्तरांकडे पाहिलं, मग आजीकडे. वर्गात उत्तर देताना राहते तशी ती ताठ उभी राहिली.

"आजोबांच्या थडग्यापाशी," ती म्हणाली. "माझ्या आजीनं स्वतः खणून काढलाय."