मानेवरचा मळ

डॉक्टरीणबाईंनी पायलच्या गळ्यावरची ओढणी बाजूला केली आणि त्यांचा चेहराच उतरला. काळ्या पडलेल्या मानेची साल निघाली होती, खाली पू धरला होता.

"हे कशानं झालं?"

"टाचा घासायच्या वजरीनं घासलं की," पायलची आई बजाबाई म्हणाली. "किती सांगा, पोरगी मान धूत न्हाय. रविवारी पावनं येनार हायत बघायला. मळ काडाय नको?"

गावाहून, श्रीपूरहून, शहरातल्या सात रस्ता चौकापर्यंत एसटीत तिचं हेच पुराण चाललं होतं. एकोणीस वर्षांची पोर इतकी जाड, की दोन पायऱ्या चढून धापा टाकते, याची काळजी कमी आणि लाजच जास्त. लोक बघतात ना!

"मावशी, हा मळ नाही. हिची साखर वाढलीय. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून मान काळी पडलीय. घासून कशी जाईल?"

"खादाडपना, दुसरं काय! भाकरीच्या डब्याला कुलूप घातलं, तर हिनं कच्चं पीठ खाल्लं. मग दिल्या दोन ठिवून."

पायल फरशीकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चरबी नुसती अंगावर बसून राहत नाही, मावशी. ती रक्तात संप्रेरकं सोडते. त्यातलं एक मेंदूला सांगतं, पोट भरलं, आता पुरे. पण चरबी फार वाढली की ते इतकं सुटतं, की मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. चरबीतूनच निघणारं आणखी काहीबाही इन्सुलिनलाही काम करू देत नाही. औषध देते. जेवण बेताचं, पण वेळेवर द्यायचं. उपाशी ठेवायचं नाही."

"म्हंजे, भूक लागली म्हनती ती..."

"खरीच लागते."

किती वेळा सांगितलं असेल पोरीनं, आणि किती वेळा आपण तिला खोटारडी म्हटलं! बजाबाईला स्वतःचीच शिसारी आली.

बाहेर दवाखान्याच्या पायरीवर दोघी टेकल्या. पायलच्या मानेला पट्टी होती. बजाबाईनं फडकं सोडलं. आत एकच भाकरी आणि शेंगाचटणी. तिनं स्वतःपुरतीच बांधून आणली होती.

"खा माजे बाय. सगळी खा," म्हणत तिनं भाकरीचा हात पुढं केला.

पायल दचकून मागं सरली. दोन्ही हातांनी पट्टी झाकून घेत म्हणाली, "आई, मी मागितली न्हाय गं."