भेगेवरची काच

“चंद्रसूर्य असेपर्यंत हा दरवाजा उभा राहील,” गढीच्या कमानीखाली पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी जाहीर केलं, आणि वरून चुन्याचा एक पोपडा सुटून नेमका त्यांच्या चहात पडला.

“कबुतरं फार झालीत,” राखणदार लिंबाजी अदबीनं म्हणाला.

साहेबांनी कप सरपंचांच्या हाती दिला आणि कमानीतल्या भेगेवर आडव्या चिकटवलेल्या काचपट्टीकडं बोट केलं. “दगड केसभर सरकला तरी ही काच तडकते. पाच वर्षांपूर्वी मी स्वतः लावली. बघा, साधा ओरखडा नाही. उद्याची जत्रेची मिरवणूक खुशाल याखालून न्या.” आणि त्यांनी परवानगीवर सही केली.

दगडाचं लिंबाजीला कुणी बोललंच नव्हतं. “काच फुटली तर नोकरी गेली म्हणून समज,” एवढंच साहेबांनी तेव्हा बजावलं होतं. म्हणून काच तडकली की तो मुकाट्यानं शिडी लावून नवी चिकटवायचा. त्यापायी घरातल्या तसबिरींवर एकही काच उरली नव्हती. आधी वर्षाला एक लागायची. या महिन्यात तीन लागल्या.

गावात ढोलाची तालीम सुरू झाली. वर बारीक टक् असा आवाज झाला. मान वर करायची त्याला गरज नव्हती. उद्या त्या ढोलापुढं त्याची नातवंडं नाचणार होती.

“साहेब,” तो हात जोडून म्हणाला, “ही आठवी गेली. नववी जरा जाड मिळंल का?”