पेटीजवळची सावली

संध्याकाळी निरीक्षकाने पांढऱ्या पेटीचं झडपांचं दार उघडलं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला आणि दिवसभरातल्या कमाल तापमानाचा आकडा वाचला. चव्वेचाळीस पूर्णांक तीन.

"किती?" मागून दादाने विचारलं.

"चव्वेचाळीस तीन."

"म्हणजे उद्याही डांबर."

निरीक्षकाने आकडा वहीत उतरवला. हवामान केंद्राच्या पेटीत पंचेचाळीस भरले, की दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते चार रस्त्याचं काम बंद ठेवायचं, असा सरकारी आदेश होता. मुकादम रोज सकाळी केंद्राच्या फाटकावरचा फळा वाची आणि अंगठ्यानेच टोळीला रस्ता दाखवी. अकरा दिवस झाले, आकडा पंचेचाळीसला पोचत नव्हता. विभागीय अंदाज मात्र रोज तोच येत होता. उष्णतेची लाट कायम, आठवडाभर दिलासा नाही.

दादा त्याचा थोरला भाऊ. तीस वर्षं डांबराच्या टोळीत. काल भर दुपारी तो उभ्याउभ्या खाली बसला होता, आणि मुकादमाने त्याच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतून त्याला पुन्हा उभा केला होता.

"पंचेचाळीस लिहून टाक की," दादा म्हणाला. "पारा काय तक्रार करायला जाणार आहे?"

"दिसतं ते लिहितो, दादा."

"लहानपणापासून असाच तू. आईने विचारलं, की दूध कुणी सांडलं तेही खरं सांगायचास. मार मी खायचो." दादा हसला, पण ते हसू ओठांवरच वाळलं. जाता जाता तो पेटीकडे बघून म्हणाला, "तुझ्या यंत्राचं बरं आहे. सावलीत बसायचं आणि ऊन किती ते जगाला सांगायचं."

मालवाहू गाडी टोळीला घेऊन गेली. निरीक्षक तिथेच उभा राहिला. मग त्याने मान वर केली.

पेटीवर शिरीषाचं झाड पसरलं होतं. त्याला नोकरी लागली त्या दिवशी दादाने ते रोप डांबराच्या रिकाम्या डब्यात घालून आणलं होतं. "तू आकडे मोज, हे वाढेल," म्हणाला होता. एकोणीस वर्षं निरीक्षकाने त्याला पाणी घातलं. शाळेची मुलं केंद्र बघायला आली, की तो त्यांना याच झाडाखाली रांगेत बसवी आणि शांतपणे शिकवी, "पेटी मोकळ्यावर हवी, बरं का. जवळ भिंत नको, झाड नको. नाहीतर पारा खोटं बोलेल." मुलं मान डोलवत. त्याच गार सावलीत बसून. आजवर ना मुलांना हसू आलं, ना त्याला.

दुसऱ्या दिवशी त्याने अडगळीतली जुनी पेटी पुसली, आवाराच्या पार टोकाला उघड्यावर उभी केली आणि तिच्यात राखीव तापमापक ठेवला. संध्याकाळी दोन्ही पेट्या वाचल्या. झाडाखाली चव्वेचाळीस चार. उघड्यावर पंचेचाळीस आठ.

नोंद मात्र झाडाखालच्या पेटीचीच धरायची होती. पेटी हलवायला वरिष्ठांची परवानगी लागे, आणि तिथून उत्तर यायचं म्हणजे उन्हाळा सरून जायचा. झाडाचं तसं नव्हतं. पेटीजवळ झाड नसावं हे नियमांच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं.

टोळीच्या सुट्टीच्या दिवशी त्याने लाकूडतोड्याला बोलावलं.

"एवढं भरलेलं झाड?" लाकूडतोड्याने करवत खाली टेकवली. "पाडायचं का, साहेब? फांद्या छाटतो."

"बुंध्यापासून," निरीक्षक म्हणाला आणि आत जाऊन खिडकी लावून बसला. तरी आवाज येतच होता. दुपारपर्यंत आवार इतकं उघडं पडलं, की त्याला स्वतःचं केंद्र ओळखू येईना.

संध्याकाळी पारा पंचेचाळीस पूर्णांक सहावर होता. त्याने आकडा दोनदा वाचला, वहीत लिहिला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत काढला. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला रस्त्यावरचा रोलर थांबला. निरीक्षक खिडकीशी येऊन उभा राहिला. पुढच्या वळणावरून टोळी येत होती. बावीस माणसं, हातात डबे, डोक्याला फडकी. थट्टामस्करीचा आवाज लांबूनच येत होता. जेवणाच्या अर्ध्या तासाला ती रोज इथेच येत. आज त्यांना चार तास मिळाले होते. गाडी संध्याकाळी सहाशिवाय येणार नव्हती, आणि वळणापासून फाटकापर्यंत रस्त्याच्या कडेला दुसरं झाड नव्हतं.

फाटकात टोळी थबकली.

निरीक्षक धावत बाहेर गेला. "दादा, तू आत ये. खोलीत बस."

दादाने खोलीकडे पाहिलं. टेबल, कपाट आणि एक खुर्ची. मग मागच्या एकवीस जणांकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "हे कुठे जातील?"

तो बुंध्यापाशी गेला. त्यावरचा भुसा त्याने हाताने झाडला, बसायला वाकला आणि चटका लागून उठला. सूर्य बरोबर डोक्यावर होता. साऱ्या आवारात एकच सावली उरली होती, पांढऱ्या पेटीच्या चार पायांमध्ये, दीड हात लांब आणि हातभर रुंद.

दादा जमिनीवर आडवा झाला आणि त्याने तिच्यात डोकं तेवढं ठेवलं.