अकराव्या पानावरचा माणूस

बोटीचा भोंगा वाजला तशी थर्लबीनं कुऱ्हाड उचलली आणि लाकडं फोडायला घेतली. बोट लागली की धक्क्यासमोरच्या अंगणात त्यानं लाकडं फोडायची, हा आमच्या पोर्ट एलरीतला शिरस्ता. मग पाऊस असो नाहीतर धुकं असो. आणि आमच्याकडे तिसरं असतं तरी काय!

गावाच्या माहितीपुस्तकात अकराव्या पानावर फोटो होता. हॅट, दाढी, हातात कुऱ्हाड. खाली मजकूर: ‘श्री. एमॉस थर्लबी. छातीच्या दुखण्यानं खंगलेले, बोटीतून झोळीत घालून उतरवले. आज पॅसिफिकच्या हवेनं ठणठणीत.’ हे पुस्तक स्प्रेगनं लिहिलं. गावातल्या जागा विकायचा तोच आणि बोटीची तिकिटं द्यायचाही तोच. पुस्तकात आमच्या रस्त्यावर ट्राम धावते. आम्ही अजून चिखलातूनच चालतो.

थर्लबीला इथून जायचं होतं. ओहायोत त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि काहीही करून त्याला ते गाठायचं होतं. पण जवळचं होतं नव्हतं ते सगळं त्यानं इथल्या जागेत घातलं होतं, आणि ती जागा भरतीला पाण्याखाली जायची. मागे जंगल, पुढे समुद्र, तिकिटाला स्प्रेग. लाकडं फोडत राहील तोवर घर आणि पीठमीठ जागा विकणाऱ्या मंडळाकडून मिळायचं. सुटायची वाट एकच होती, आणि ती स्प्रेगनं सांगून ठेवली होती.

“एक चांगला माणूस इथं बसवून दे. त्याच दिवशी तुझं तिकीट.”

थर्लबीनं जीव तोडून प्रयत्न केले. एकाला जवळजवळ पटवलाच होता, पण त्याच्यामागे बायको आणि चार पोरं बघून स्प्रेगनंच नाक मुरडलं. दुसरा बुटका, गोल गरगरीत. त्यालाही स्प्रेगनं गोड बोलून परत धाडला. असली माणसं टिकत नाहीत म्हणाला. थर्लबी दातओठ खात परत लाकडांकडे वळला होता.

आज एकच उतारू उतरला. लायमन कोल नाव, नेब्रास्कातला शाळामास्तर. उंच, दाढीवाला, सारखा खोकत होता आणि ते माहितीपुस्तक छातीशी धरलेलं. स्प्रेगनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि उंची छान आहे हो तुमची, म्हणत हात मिळवला.

अंगणाशी येताच कोलनं अकरावं पान उघडून थर्लबीच्या शेजारी धरलं. फोटो लांबून घेतलेला, तोंडावर हॅटची सावली. तरी मास्तरांचे डोळे भरून आले. तुमच्याचमुळे आलो म्हणाले. मग त्यांचं लक्ष थर्लबीच्या कोटाकडे गेलं. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत होत्या. स्प्रेग हसला. तब्येत सुधारली की कपडे असेच आखूड होतात, म्हणाला.

जेवण थर्लबीच्याच घरी होतं. मार्थानं शिंपल्यांचं सूप वाढलं. मरणाच्या दारातून नवरा परत मिळाला, नशीबवान आहात, असं कोल तिला म्हणाला. तिनं त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली. मुलंबाळं किती, म्हणून त्यानं विचारलं. एक मुलगी, थर्लबी म्हणाला. मार्था तोवर चुलीकडे गेली होती.

स्प्रेग कागद आणायला बाहेर पडला. कोलनं आवाज खाली आणला.

“मिस्टर थर्लबी, माझ्याजवळ आहे ते सगळं यात जाणार. मागे माझं कुणी नाही. खरं सांगा, ही हवा मानवते?”

भिंतीवरून ओल उतरत होती. एक शब्द बोलला असता तर हा माणूस त्याच बोटीनं परत गेला असता. थर्लबीला मुलगी आठवली. तिच्या लग्नात चर्चमध्ये तिचा हात धरून चालत जाणारं दुसरं कुणी नव्हतं.

“माझ्याकडे बघा ना,” तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं वाडगा बाजूला सारला.

कोलनं सही केली. स्प्रेगनं कागद घडी करून खिशात घातले, एक तिकीट टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. भोंगा झाला. थर्लबीनं अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला, दारामागचं गाठोडं घेतलं आणि कोलचा हात घट्ट दाबला. त्याला माफ करा म्हणायचं होतं. तो तसाच बाहेर पडला.

कुणाला तरी सामान पोचवायला गेला असेल, असं कोलला वाटलं. मग खिडकीतून त्याला दिसलं. थर्लबी फळ्यांवरून पळत होता, थेट बोटीत चढला. मागून शिडी ओढून घेतली आणि बोट सुटली.

“मिसेस थर्लबी, अहो, तुमचे यजमान गेले की!”

मार्था टेबल पुसत होती.

“माझे यजमान पहिल्याच हिवाळ्यात गेले,” ती म्हणाली. “हे तिसरे होते. तुमचं अंथरूण वरच्या खोलीत घातलंय, मिस्टर थर्लबी.”