अख्खा गुलाब

"काकू, चॉकलेटला पाण्याचा हात नको," क्लासमध्ये चॉकलेटचे गुलाब करायला शिकवणारी मुलगी कितीदा सांगायची. पण जन्मभर मोदक वळलेल्या शालनकाकूंची बोटं सवयीनं पाण्यात बुडायचीच, आणि चॉकलेटच्या गुठळ्या व्हायच्या.

त्या गुठळ्या, मोडक्या पाकळ्या काकूच संपवायच्या. घरीही करपलेली पोळी, फुटका लाडू त्यांच्याच पानात. "चव तीच असते," म्हणायच्या.

आज मात्र हात कोरडे राहिले. साच्यातून दोन गुलाब सुटले: एक अख्खा, चकचकीत, दुसऱ्याची पाकळी तुटलेली. काकू बघतच राहिल्या.

घरी काकांनी पेपर बाजूला ठेवून नेहमीप्रमाणे अख्ख्याकडेच हात नेला. काकूंनी ताटली हळूच फिरवली.

"तुम्ही मोडका घ्या. चव तीच असते," म्हणत त्यांनी अख्खा गुलाब तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत डोळे उघडले नाहीत.